जिन्याखालचं इंजिन

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक सूचना लागली. इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यानं पार्किंगमध्ये आणि जिन्याखाली पडून असलेल्या वस्तू सभासदांनी महिनाअखेरपर्यंत हलवाव्यात, अन्यथा त्या भंगारात दिल्या जातील, असं तीत म्हटलं होतं. जिन्याखाली आमचीही एक वस्तू होती. 1983 सालची बजाज चेतक स्कूटर. 2007 साली मी मोटरसायकल घेतली आणि ‘बघू पुढं’ असं म्हणून स्कूटर जिन्याखाली लावली, ती तिथंच राहिली. आधी तिच्यावर धूळ बसली, मग धुळीवर एक फाटकी चादर आली आणि पुढं त्या चादरीवर शेजाऱ्यांच्या रिकाम्या कुंड्याही आल्या.

स्कूटर माझ्या वडिलांची. अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. सूचनेबद्दल सांगितलं, तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर न करता ते म्हणाले, ‘‘भंगारवाला देईल तेवढे घे आणि मोकळा हो.’’ थोडा वेळ गेला आणि त्यांनी विचारलं, ‘‘उभी करताना पेट्रोल काढून ठेवलं होतंस ना?’’

‘‘हो, काढलं होतं की,’’ मी म्हणालो.

ते खरं नव्हतं. अण्णांची एक सवय होती. स्कूटर चार दिवस उभी राहणार असेल, तर ते इंजिन चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करायचे आणि कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत शेजारी उभे राहायचे. मी सतरा वर्षांसाठी स्कूटर उभी केली, ती मात्र किल्ली फिरवून सरळ वर निघून गेलो होतो.

मी तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची आकृती फळ्यावर काढायचो. पण एखादं इंजिन प्रत्यक्ष उघडलेलं मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. ज्या यंत्रावर बसून मी शाळेत गेलो, ज्याच्या मागच्या सीटवर आई दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायची, ज्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत गॅसचा सिलिंडर, गणपतीची मूर्ती आणि मी असे आळीपाळीनं उभे राहिलो, त्याच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. भंगारात द्यायचीच असेल तर एकदा चालू करून मग देऊ, असं मी ठरवलं आणि अण्णांच्या जुन्या मेकॅनिककडे गेलो.

त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं. गॅरेज आता त्यांचा मुलगा चालवतो आणि त्यात बहुतेक बिनगिअरच्या नव्या गाड्याच येतात. उस्ताद एका स्टुलावर बसून असतात. चेतक म्हटल्यावर मात्र ते उठले, पिशवीत चार हत्यारं टाकली आणि माझ्याबरोबर आले. त्यांनी किकवर पाय ठेवून हलकेच दाबून पाहिलं. किक तसूभरही खाली गेली नाही.

‘‘जाम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण सर, जाम म्हणजे मेलेलं नाही. आता कोणी जोर लावायचा नाही. जोर लावला की रिंग तुटते आणि बोअरला चरे पडतात.’’

त्यांनी उजव्या बाजूचं कव्हर काढलं, मग पंख्याची जाळी उघडली. आत मातीची एकाला एक चिकटलेली बोटभर लांबीची घरं होती. कुंभारीण माशीनं बांधलेली. तिला आपण गांधीलमाशीची चुलत बहीण म्हणू. मला हसू आलं, कारण या स्कूटरच्या मूळ इटालियन घराण्याचं नावच ‘व्हेस्पा’ आणि व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी.

ही गांधीलमाशी युद्धाच्या राखेतून निघाली. इटलीतल्या पाँतेदेरा गावी पियाज्जो कंपनीचा विमानं बनवणारा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमानांची मागणीही राहिली नाही. लोकांकडे पैसे नव्हते आणि रस्त्यांची दुर्दशा झालेली होती. एन्रिको पियाज्जो यांनी स्वस्त दुचाकी बनवायचं ठरवलं आणि ते काम कोराडिनो दास्कानिओ या अभियंत्याकडे सोपवलं. दास्कानिओ विमानविद्येतले. 1930 साली त्यांच्या हेलिकॉप्टरनं उड्डाणाचे विक्रम केले होते. मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. साखळीच्या वंगणानं कपडे खराब होतात आणि चाक पंक्चर झालं तर ते काढताना नाकी नऊ येतात, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी साखळीच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलं. गिअर हँडलवर आणले. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे ते मोटारीच्या चाकासारखं चटकन काढता येतं. इंजिन पत्र्याखाली झाकलं गेल्यानं त्याला वारा लागेना, म्हणून चुंबकाच्या चक्रालाच पंख्याची पाती जोडली. एप्रिल 1946 मध्ये या वाहनाचं पेटंट नोंदवलं गेलं. आमच्या जिन्याखाली कुंभारीण माशीनं जिथं घर केलं होतं, तो हाच पंखा.

उस्तादांनी प्लग काढला. त्या भोकातून डिझेल आणि टू-टी ऑइल समभाग मिसळून आत ओतलं, वर कापडाचा बोळा लावला आणि म्हणाले, ‘‘आता चार दिवस हात लावायचा नाही. मुरू द्या.’’ लोणचं घातल्यासारखे ते निघून गेले.

त्या चार दिवसांत मी अण्णांची जुनी फाइल काढली. त्यांनी कोणताही कागद कधी फाडला नाही. त्या फाइलमध्ये 1974 सालची स्कूटर बुकिंगची पावती होती. बुकिंग 1974 साली केलं आणि स्कूटर घरी आली 1983 साली. आजच्या मुलांना हे सांगितलं तर चेष्टा वाटते, पण त्या काळी या देशात स्कूटरसाठी आठ-दहा वर्षं थांबणं ही सर्वसाधारण गोष्ट होती.

त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही बजाज कुटुंबाची कंपनी 1948 पासून इटालियन स्कूटर आणि तीनचाकी बाहेरून आणून विकत होती. 1959 साली तिला देशात उत्पादन करण्याचा परवाना मिळाला. 1960 साली बजाज ऑटो ही सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखान्याचं भूमिपूजन झालं. पियाज्जोबरोबरचा तांत्रिक करार 1971 मध्ये संपला आणि सरकारी धोरणामुळे त्याचं नूतनीकरण झालं नाही. नाव परत गेलं, घडण मात्र इथं राहिली. 1972 साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक बाजारात आली.

पण किती स्कूटर बनवायच्या हे ठरवायला कारखानदार मोकळा नव्हता. परवान्यात जेवढी क्षमता लिहिलेली असे, तेवढंच उत्पादन करता येई. क्षमता वाढवायची तर दिल्लीची परवानगी लागे आणि 1969 च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्यानं ती मिळणं आणखी अवघड केलं. वाटपावरही नियंत्रण होतं. परकीय चलन आणणाऱ्याला लवकर स्कूटर मिळे आणि सरकारी नोकरांसाठी राखीव कोटा असे. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. त्यामुळे जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची आणि लग्नाच्या बैठकीत स्कूटरच्या बुकिंगलाही किंमत यायची. मुंबईत बनणारी लँब्रेटा होती, 1975 नंतर साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ आली, पण मागणी सगळ्यांना पुरून उरणारी होती.

मी वर्गात याला ‘परवाना राज’ म्हणायचो आणि त्याचे तोटे क्रमवार लिहून द्यायचो. ते तोटे खरेच होते. ग्राहकाला निवड नव्हती आणि यंत्रात फारशी सुधारणा करायची निकडही कुणाला नव्हती. परंतु त्या पावतीकडे बघताना मला त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. नऊ वर्षं वाट पाहून आलेली वस्तू माणूस टाकून देत नाही. दर रविवारी ती पुसली जाते, तिचा प्लग घासला जातो, तिच्यासाठी टॉवेल वेगळा ठेवला जातो. शिवाय तीस वर्षं यंत्राची ठेवण मुळात तीच राहिल्यामुळे गल्लोगल्ली ते उघडू शकणारे हात तयार झाले. टंचाईनं आपल्याला पुष्कळ छळलं, पण जाता जाता दुरुस्तीची एक मोठी विद्याही देऊन गेली.

चार दिवसांनी उस्ताद आले. त्यांनी स्कूटर चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मला म्हणाले, ‘‘तुम्ही मागून धरा. ढकलायचं नाही. पाळणा हलवतो तसं हलवायचं. पुढं, मागं.’’ आम्ही दोघं पंधरा-वीस मिनिटं त्या स्कूटरला जोजवत होतो. येणारे-जाणारे बघत होते. आणि मग एकदम मागचं चाक इंचभर फिरलं. आतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. उस्तादांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘सुटलं.’’

आता इंजिन खाली उतरवलं. हेड निघालं, ब्लॉक निघाला आणि माझ्या हातात पिस्टन आला. व्यास 57 मिलिमीटर. तो वर-खाली जेवढा सरकतो, तेही अंतर 57 मिलिमीटरच. याचा हिशेब केला तर 145.45 घन सेंटिमीटर येतात. आपण ज्याला ‘दीडशे सीसी’ म्हणायचो, ते एवढंसं. कपभर चहा मावेल इतकी ती जागा आणि तिच्यावर आमचं चौघांचं कुटुंब सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलेलं.

उस्तादांनी मला ब्लॉकच्या भिंतीतली भोकं दाखवली. टू-स्ट्रोक इंजिनाचं सगळं कसब त्या भोकांत आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला झडपा असतात, त्यांना उघडझाप करायला दांडे असतात. इथं त्यातलं काही नाही. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या पेटीत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा ते मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढतं आणि जळलेल्या धुराला बाहेर ढकलतं. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच जात असल्यानं तिथं वंगणाचं तळं करता येत नाही. म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचं, चेतकला लिटरमागे 20 मिलिलिटर. पेट्रोल पंपावर ‘ऑइल टाकू का?’ असं विचारलं जायचं, ते यासाठी.

‘‘आणि म्हणूनच ही गाडी उभी ठेवली की खराब होते,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘चालती असेल तर रोज तेल मिळतं. उभी राहिली की बेअरिंगवर नुसता पातळ थर. तो सुकला की गंज.’’

ही बिनझडपांची युक्ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांची, 1891 च्या सुमाराची. त्यांच्या पहिल्या रचनेत एखाददुसरी झडप होती. तीही काढून टाकून पिस्टनच्या कडेनंच वाट उघडायची-मिटायची, ही सुधारणा त्यांच्या कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक या कामगारानं सुचवली. पुढं याच तत्त्वावर होड्यांची इंजिनं निघाली, झाडं तोडायची यंत्रं निघाली, कॅनडातल्या बर्फावर धावणाऱ्या गाड्या निघाल्या आणि आपल्या लूना, राजदूत आणि रिक्षाही निघाल्या. डे मात्र विस्मृतीत गेले. ते वारले 1946 साली, म्हणजे व्हेस्पाचं पेटंट झालं त्याच वर्षी. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण मला यातलं डे यांचं नाव माहीत नव्हतं आणि त्या कामगाराचं तर नव्हतंच. कारखाना कोणी उभारला हे आपण लिहून ठेवतो. ज्यानं उभं राहून झडप काढून दाखवली, त्याचं नाव एखाद्या तळटीपेत सापडलं तर सापडतं.

पिस्टनच्या रिंगा काजळीनं खाचेत घट्ट बसल्या होत्या. बोअरवर गंजाचा पुसट पट्टा होता, पण चरे नव्हते. क्रँकच्या बाजूची रबरी ऑइल सील वाळून कडक झाली होती. ती बदलली नाहीत तर क्रँकच्या पेटीत बाहेरची हवा किंवा गिअरचं तेल शिरतं आणि मग इंजिन एकतर चालत नाही, नाहीतर पांढरा धूर ओकत बसतं. या सुट्या भागांसाठी मी नाना पेठेत गेलो. वाटलं होतं, लोक हसतील. पण दुकानदारानं न विचारता मागच्या फळीवरून डबा काढला आणि ऑइल सील, रिंगांचा सेट, गास्केट, कंडेन्सर, पॉइंट सगळं समोर मांडलं. ज्या गाडीचं उत्पादन 2005-06 च्या सुमारास थांबलं, तिचे भाग अजून मिळतात.

मग उस्तादांनी कार्बोरेटर उघडला आणि थांबले. तळाच्या वाटीत तपकिरी, चिकट, डिंकासारखा थर होता. जेटचं बारीक भोक त्यानंच बुजलं होतं. पेट्रोल उडून गेलं की मागं जे राहतं, ते हे.

‘‘पेट्रोल काढलं नव्हतं,’’ उस्ताद म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘अण्णासाहेबांची गाडी असून?’’

त्यावर मला काही बोलता आलं नाही. उस्तादांनी जेट थिनरमध्ये बुडवला, बारीक तारेनं न टोचता नुसत्या हवेनं फुंकला, उजेडाकडे धरून माझ्यासमोर केला. त्या भोकातून आकाशाचा टाचणीएवढा ठिपका दिसत होता. टाकीतला गंज बारीक खडी आणि डिझेल घालून हलवून हलवून काढला. पेट्रोलची रबरी नळी त्यांनी सरळ कापून फेकली. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झालं. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून नळी नवी, वॉशर नवे. जुनी गाडी नव्या इंधनावर चालवायची तर एवढं करावंच लागतं.

सायलेन्सर त्यांनी उलटा करून ठोकला, तेव्हा पसाभर काजळी पडली. ती पाहून मला त्या काळातलं पुणं आठवलं. स्वारगेटच्या चौकात सिग्नल सुटला की उठणारा निळा धूर, डोळ्यांची आग, आईच्या पदरानं झाकलेलं माझं नाक. टू-स्ट्रोकच्या साधेपणाची ही किंमत होती. मिश्रण आत येतं आणि धूर बाहेर जातो ते एकाच वेळी, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल आणि तेलही धुराबरोबर निसटतं. रस्त्यावर चेतक हजारांनी होत्या तोवर ते चाललं, लाखांनी झाल्या तेव्हा शहराला ते सोसवेना. 1985 साली चार स्ट्रोकची शंभर सीसी मोटरसायकल आली, 1991 नंतर बाजार खुला झाला, 1996 आणि 2000 साली धुराचे नियम कडक झाले. लोकांनी कमी पेट्रोल खाणाऱ्या मोटरसायकली पसंत केल्या. नंतर बिनगिअरच्या, बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटर आल्या आणि त्या स्त्रियांनीही सहज चालवल्या. ज्या चेतकवर आई उभा जन्म मागं बसली, ती तिला कधी चालवता आली नाही. किक जड, गिअर जड. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. 2020 च्या जानेवारीत चेतक हेच नाव घेऊन विजेवरची स्कूटर आली. तिला धूर नाही, प्लग नाही, पिस्टनही नाही, आणि ते योग्यच आहे.

तरीही एक गोष्ट मला टोचत राहिली. काम करता करता मी उस्तादांना विचारलं, ‘‘हे तुम्ही कुठं शिकलात?’’ ते म्हणाले, ‘‘बारा वर्षांचा होतो. पहिलं वर्ष नुसतं हत्यारं पुसायची. दुसऱ्या वर्षी प्लग काढायला मिळाला. पॉइंटची फट लावायला पाचव्या वर्षी.’’ ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. पुस्तकात तिच्यासाठी फीलर गेज सांगितलं आहे. उस्ताद हॅक्सॉच्या घासलेल्या पात्यानं अंदाज घेतात आणि मग डोळ्यांनी ठरवतात. त्यांच्या मुलाला हे येत नाही. त्याच्या गाड्यांना पॉइंटच नसतात, त्यामुळे त्याचं अडतही नाही. नातू तर कॉम्प्युटर शिकतो आहे.

लहान वयात कामाला जुंपलेल्या मुलाच्या कष्टांचं कौतुक करू नये, हे मला कळतं. पण त्या कष्टांतून जी विद्या झाली, तिची नोंद कुठं आहे? आकुर्डीच्या कारखान्याची आहे. परवान्यांच्या फायली दिल्लीच्या दप्तरात असतील. चेतकच्या जाहिराती आहेत, 1989 च्या ‘हमारा बजाज’ची चाल अजून लोक गुणगुणतात. परंतु त्या लाखो स्कूटर तीस-तीस वर्षं ज्यांनी चालत्या ठेवल्या, त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. ते ज्ञान बोटांत होतं आणि बोटांबरोबरच चाललं आहे. यंत्र कारखान्यात एकदा जन्मतं हे खरं, पण ते जगतं गॅरेजमध्ये. आपण त्याच्या जन्माचा तेवढा इतिहास लिहिला.

त्या दिवसापासून मी एक वही केली. उस्ताद जे करत, ते विचारून विचारून लिहून घेऊ लागलो. डिझेल किती, तेल किती, किती दिवस, चाक कसं हलवायचं, आवाज कसा आला की थांबायचं. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. नंतर तेच म्हणायला लागले, ‘‘सर, हे राहिलं, हे लिहा.’’ वहीची बत्तीस पानं झाली आहेत.

महिना संपायला दोन दिवस होते. इंजिन पुन्हा बसलं होतं. नवा प्लग ब्लॉकला टेकवून उस्तादांनी किक मारली, तेव्हा त्याच्या टोकाला निळी ठिणगी उडाली. ‘‘करंट आहे,’’ ते म्हणाले. टाकीत एक लिटर पेट्रोल, त्यात 20 मिलिलिटर तेल. कॉक उघडला. आणि मग त्यांनी ते केलं, जे त्या काळात प्रत्येक घरातला बाप रोज सकाळी करायचा. स्कूटर एका बाजूला तिरकी केली, क्षणभर धरली आणि सरळ केली. पहिली किक. दुसरी, तिसरी. सातव्या किकला ती एकदा खोकली. नवव्या किकला चालू झाली.

तो आवाज मी वर्णन करून सांगायला नको. तुमच्यातल्या अनेकांच्या लहानपणी तो घरासमोर येऊन थांबलेला आहे आणि त्या आवाजाबरोबर तुम्ही अभ्यासाचं पुस्तक उघडलेलं आहे. जिन्याखाली निळा धूर भरला. वरच्या मजल्यांवरची दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरून कठड्याला धरत धरत अण्णा खाली आले. त्यांना तसं एकट्यानं उतरायची परवानगी नाही.

ते येऊन हँडलजवळ उभे राहिले. थोडा वेळ ऐकलं. अ‍ॅक्सिलरेटर जरासा पिळून सोडला. उस्तादांकडे बघून मान हलवली, उस्तादांनी कपाळाला हात लावला.

मी म्हणालो, ‘‘अण्णा, तेव्हा मी पेट्रोल काढलं नव्हतं.’’

‘‘माहीत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तू वर आलास तेव्हा मी खाली जाऊन पाहिलं होतं. कॉक उघडाच होता.’’

‘‘मग तुम्ही का नाही बंद केला?’’

‘‘गाडी तुला दिली होती.’’

एवढंच बोलून ते गप्प झाले. स्कूटरचं पुढं काय, हे तेव्हा ठरलं नव्हतं. नोंदणीची मुदत 2008 सालीच संपलेली, त्यामुळे रस्त्यावर आणायची तर आर. टी. ओ.ची तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे सगळं ओघानं आलंच. सध्या ती उस्तादांच्या गॅरेजच्या मागच्या बाजूला उभी आहे. भंगारवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मात्र पाच-सहा मिनिटं ती तशीच चालू ठेवली. मग अण्णा वाकले, त्यांना वाकणं जड जातं, आणि त्यांनी माझा हात धरून कॉककडे नेला. मी कॉक बंद केला. कोणी किल्लीला हात लावला नाही. आम्ही तिघं तिथं उभे होतो. इंजिन आणखी थोडा वेळ चाललं, एकदा जोरात झालं, मग हळू झालं आणि कार्बोरेटर रिकामा झाल्यावर आपणहून थांबलं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)